अण्णांचा उतारा

अण्णा फोटो काढण्याआधी पायातली एक चप्पल काढायचे. उजवी. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या शेजारी ती नीट आडवी ठेवायचे, मग एक पाय चपलेत आणि एक पाय उघडा अशा अवस्थेत ढेकळं तुडवत चार पावलं मागे जायचे आणि कॅमेरा डोळ्याला लावायचे. फूल असो, वारूळ असो, विहिरीच्या कडेचं शेवाळ असो, नऊ नंबरची ती जाड चामड्याची चप्पल त्यात असायचीच. एकदा तर म्हसोबाच्या दगडाशेजारी ठेवायला निघाले होते. आमच्या शेजारच्या सखूबाईंनी असा आवाज टाकला की बिचाऱ्यांनी चप्पल गुपचूप पायात घातली आणि खिशातल्या चष्म्याच्या डबीवर काम भागवलं. "मोजणीदाराचे डोळे हो," ते म्हणायचे. "शेजारी माप नसलं की मला काही दिसतच नाही."

ते आळे गावचे. मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेली, म्हणून सगळा भाग त्यांना 'मोजणीचे अण्णा' म्हणायचा. आमच्याकडच्या निम्म्या वाटण्या त्यांच्या साखळीखालून गेलेल्या. माझे वडील आणि माझे चुलते वेगळे निघाले, तेव्हा महाळुंगे पडवळच्या अलीकडचं आमचं रान अण्णांनीच मधोमध मोजून दिलं होतं. हद्दीचे दगड स्वतः उभं राहून पुरून घेतले होते. चुलते गेले, वडील गेले. आता बांधाच्या अल्याड मी आणि पल्याड माझा चुलत भाऊ बबन. असा माणूस निवृत्त झाल्यावर घरी बसेल, नातवंडं खेळवेल, असं आपल्याला वाटतं. पण एके दिवशी सकाळी अण्णा स्कूटीवरून आले, गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, आणि थेट माझ्या आणि बबनच्या बांधावर मांडी घालून बसले. मी हातातली कुदळ हळूच उसात सारली.

का सारली तेही सांगून टाकतो, आता लपवून काय करायचंय? तो बांध मी कोरत होतो. एकदम नाही हो, वर्षाला चार बोटं. नांगरट करताना ट्रॅक्टर जरा बांधाला चिकटून घ्यायचा आणि उरलेलं कुदळीनं 'साफ' करायचं. हरळी माजते, उंदरं बिळं करतात, बांध तासावाच लागतो, असं मी मलाच समजावत होतो. मिळत काय होतं, तर कांद्याच्या दोन ओळी जास्त. आणि बबन म्हणजे कोण? एका ताटात जेवून आम्ही मोठे झालो. चुलत हा शब्द आमच्या तोंडात कधी आला नाही. त्याला कळलं तर तो भांडणार नाही, कोर्टात जाणार नाही, नुसता गप्प बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि बबन गप्प बसला की मला भाऊ उरणार नव्हता. मग कोरायचा कशाला, असं तुम्ही विचाराल. नांगर बांधाजवळ आला की हाताला काहीतरी व्हायचं.

त्यात माझा स्वभाव मुळात संशयी. बायको म्हणते, "देवाचा परसाद बी हुंगून खाल तुमी." मला वाटलं, झालं, बबननं मोजणीदार आणला. तरी तोंडावर हसू आणून मी बांधावर गेलो.

"काय अण्णा, आज इकडं कुणीकडं?"

"उतारा काढतोय, दत्तोबा."

घ्या! पायाखालची जमीनच सरकली. तरी विचारलं, "कसला उतारा? सातबाऱ्याचा असंल तर त्यो आता मोबाइलवर बी निघतो की."

"तो नाही हो. तो कागदाचा उतारा. त्यात नाव असतं, क्षेत्र असतं, आकार असतो. जमीन कुठं असते त्यात? मी जमिनीचा उतारा काढतोय." आणि त्यांनी औषधाच्या पुडीएवढी एक पुडी उघडून दाखवली. आत चिमूटभर माती, कुर्डूचा एक तुरा आणि गोगलगायीचा रिकामा शंख. पुडीवर पेन्सिलीनं तारीख, वार, वेळ. मला शंख दिसला नाही. मला तारीख दिसली.

त्या कामाला शहरात काही मोठं नाव असेल, आमच्याकडे अण्णांचाच शब्द चालायचा. मंचरच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणायचे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे, आणि फोटोच्या भोवती त्याच जागेची माती बाभळीच्या डिंकात कालवून लावायची. त्यावर कांद्याच्या साली, जाळी पडलेली पिंपळाची पानं, सुगरणीच्या घरट्यातल्या काड्या, मुंग्यांनी बिळाबाहेर आणून टाकलेली टरफलं. शेवटी बोरूनं एखादी ओळ. एक उतारा पुरा करायला त्यांना दोन दोन महिने लागायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, ह्याचं करायचं काय?" तर कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, "निवृत्त झालो आणि झोप गेली माझी. डोळे मिटले की नकाशा दिसायचा. नुसत्या रेषा, आत काही नाही. तीस वर्षं लोकांच्या रेषा मारल्या, दत्तोबा. रेषेच्या आत काय होतं ते बघायचंच राहिलं. जमिनीतलं राहिलं आणि माझ्यातलंही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बोलणं गोड आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

तीन वर्षं ते येत राहिले. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि दर वेळी त्याच जागी. तालुक्यात जागा का कमी आहेत? डोंगराकडे जावं, घोडनदीला जावं, ऊस तुटायला लागला की पारगावच्या साखर कारखान्याकडे गाड्यांच्या रांगा लागतात त्यांचे फोटो काढावेत. जायचेही म्हणे, सगळीकडे जायचे. पण आमचा बांध काही सुटत नव्हता. मी उसाच्या कडेला उकिडवा बसून त्यांच्यावर नजर ठेवायचो. ते पालथे पडून हरळीत तोंड घालायचे, तास तास हलायचे नाहीत. एकदा बायको न्याहारी घेऊन आली आणि मला असं दडलेलं बघून म्हणाली, "बिबट्या बी असा बसत न्हाई वो. ते गवत बगत्यात आन तुमी त्यांना बगताय. काम कोन करनार?" तिचं खरं होतं. पण समोर बबन अण्णांना चहा घेऊन येताना दिसला, दोघं बांधावर बसून काहीतरी बोलायला लागले, आणि माझ्या डोक्यातली भट्टी पुन्हा पेटली. इतकं काय बोलायचं असतं गवतावर?

मग ते तिठ्यावरचं प्रकरण झालं. आमच्या वस्तीचा रस्ता जिथं फुटतो तिथं एक सपाट दगड आहे. अण्णांना त्या दिवसांत नवीन नाद लागला होता. कागदाला हळद फासायची, वर आघाड्याचं नाहीतर एरंडाचं पान ठेवायचं, त्यावर काच, काचेवर चार कोपऱ्यांना चार खडे, आणि उन्हात ठेवून द्यायचं. उन्हानं हळद उडते आणि पानाखालची तेवढी राहते. नंतर खायच्या सोड्याचं पाणी शिंपडलं की ती पिवळी खूण कुंकवासारखी लाल होते. दिवस नेमका अवसेचा. सखूबाई शेळ्या घेऊन तिठ्यावर आल्या आणि बघतात तर काय, दगडावर हळद, आघाडा, चार खडे आणि शेजारी एकच चप्पल! त्यांनी जी बोंब ठोकली ती वस्तीला ऐकू आली. "अगं आया गं, कुनी उतारा टाकलाय! पोरांना आत घ्या!"

आम्ही धावलो. तेवढ्यात करंजाच्या सावलीतून अण्णा लंगडत पळत आले आणि हात वर करून ओरडले, "हात लावू नका! माझाच उतारा आहे तो!"

आता सांगा, माणसानं काय बोलावं ह्याचं काही तारतम्य? बायांनी पदर तोंडाला लावले. अण्णा आपले समजावत होते की हा करणीचा उतारा नव्हे, हा पानाचा उतारा आहे, सूर्य काढतो तो, मी नुसता ठेवतो. समजावण्याच्या भरात त्यांनी पिशवीतून सोड्याचं पाणी काढून शिंपडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळद लाल झाली. संपलंच! सखूबाई तिथंच मटकन खाली बसल्या.

माझा करणीबिरणीवर विश्वास नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंद झाला. घरोघरी जाऊन मीच म्हणालो, "लोक घाबरत्यात, अण्णांना सांगायला पायजे." आणि सांगायला मीच गेलो. बबन म्हणत होता, "राहू दे रं, म्हातारा मानूस हाय, कुनाला तरास देतोय?" मी ऐकलं नाही. अण्णा बांधावर बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, वस्तीवरची लोकं घाबरलीत. तुमी आता इकडं येऊ नका."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "लोक घाबरलेत का तुम्ही?"

"लोकं," मी म्हणालो.

"बरं," एवढंच म्हणाले. पुड्या पिशवीत भरल्या, चप्पल पायात सरकवली आणि स्कूटी ढकलत रस्त्याला लागले. उतारावर त्यांनी ती चालू केली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. जीव हलका व्हायला हवा होता, झाला नाही.

महिन्याभरानं मी बाजारातून घरी आलो तर बायकोनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पार्सल पुढं ठेवलं. अण्णा वस्तीच्या बाहेर थांबले होते म्हणे, निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं आणि देऊन गेले. चहाला या म्हटलं तरी आत आले नाहीत. उघडलं. आमच्या बांधाचा उतारा होता. मध्ये पाच फोटो, एकाखाली एक, एकाच जागेचे. भोवती आमच्या रानाची माती, कुर्डूचे तुरे, तो शंखसुद्धा. आणि पाचही फोटोंत बांधावर आडवी ठेवलेली चप्पल. पहिल्या फोटोत चपलेच्या दोन्ही अंगांना बांध शिल्लक होता. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात चप्पल बरोबर मावलेली. चौथ्यात टाच बाहेर. पाचव्यात टाच चार बोटं हवेत, माझ्या बाजूला. मागे बोरूनं लिहिलं होतं: 'दत्तोबांच्या बांधाचा उतारा. प्रत पहिली.'

पहिली! म्हणजे दुसरी कुठं आहे? मोजणी खात्यात? का बबनकडं? बायको म्हणाली, "किती झ्याक दिसतोय, लावा भिताडाला." मी तो कपाटात तिच्या लुगड्यांच्या खाली घालून ठेवला. आणि नोटिशीची वाट बघायला लागलो. पोस्टमन दिसला की मी गोठ्यात शिरायचो. बबनच्या दारात जाणं बंद केलं. तो रस्त्यात भेटला की मोटार चालू करायची राहिली, दूध घालायचं राहिलं, असं काहीतरी म्हणून सटकायचो. त्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती. एक वर्ष असं गेलं. नोटीस आली नाही. त्या वर्षात बांध मात्र कोरला नाही, तेवढं एक.

मग एके दिवशी मोबाइलवर बातमी आली, मोजणीचे अण्णा गेले. लोक हळहळले. मी पण हळहळलो, पण खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो दुसऱ्या प्रतीचा. ती आता कुणाच्या हाताला लागेल? म्हणून दहाव्यानंतर आळ्याला गेलो, भेटायला म्हणून.

घराच्या चारी भिंतींवर उतारेच उतारे होते. कुणाच्या विहिरीचा, कुणाच्या खळ्याचा, नाणेघाटाच्या दगडांचा. प्रत्येकात चप्पल. एका कोपऱ्यात मात्र एक उतारा असा होता की त्यात फोटोच नव्हता, नुसती माती आणि मधोमध एक सरळ काळी रेघ. मी अण्णांच्या पत्नीला, काकूंना, विचारलं, हा कशाचा?

"आमच्या बांधाचा," काकू म्हणाल्या. "धाकल्या भाऊजींनी हातभर कोरला व्हता. ह्यांनी सवता मोजला, कागद केला, दगड पुरलं. येक इंच बी चूक न्हवती. भाऊजी बारा वर्सं बोललं न्हाईत. वारलं तवा आमाला कुनी कळवलं सुदीक न्हाई. हे म्हनायचे, मोजणी बरोबर व्हती, आन तीच चुकली." मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तुमी महाळुंग्याकडचं दत्तोबा न्हवं? तुमच्या बांधाच्या दोन परती केल्या व्हत्या. दुसरी तुमच्या भावाला पोचली न्हवं?"

मी उठलोच. निघताना काकूंनी एक पिशवी हातात दिली. "गेलेल्या मान्साचा जोडा कुनाला तरी द्यायचा असतोय. पर येक झिजलेली, येक नवी, असला जोडा कोन घेनार? तुमी न्या." आत अण्णांच्या चपला होत्या. डावी टाचेला पार पातळ झालेली, उजवी अजून धडधाकट. सारखी काढून ठेवायचे ना.

गावात उतरलो तो घरी न जाता सरळ बबनकडे गेलो. दारातच पाय अडखळला. समोर भिंतीवर, टीव्हीच्या वर, बरोबर मधोमध तोच उतारा. पाच फोटो, पाच चपला. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा. एक वर्ष तो तिथं होता आणि बबनच्या पोरासोरांनी, पाहुण्यारावळ्यांनी, सगळ्यांनी तो पाहिला होता.

"वरीसभर कुटं व्हता?" बबन म्हणाला.

मी पिशवी धरून तसाच उभा. म्हणालो, "बबन, तो बांध मी कोरला."

"ठाव हाय की. मी काय आंधळा हाय? दरसाल दिसतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"अण्णांना म्हनलं व्हतं, मोजा. तवा ते म्हनले, मोजतो, बरोबर मोजून देतो. पर मोजल्यावर दत्ता तुज्या घरी चहाला यील का, ते आदी सांग. म्हनलं, न्हाई येनार. तर म्हनले, मग ह्यो उतारा भिताडाला लाव आन वाट बग, त्यो यील." बबननं माझ्याकडे पाहिलं. "मी वाटच बगत व्हतो. तू हाय तेवडं यायचंबी बंद केलंस."

म्हणजे बघा, माझा संशय अगदीच खोटा नव्हता. मोजणीची गोष्ट निघाली होती खरी. फक्त त्या मोजणीत मला वाचवणारा कोण आणि बुडवणारा कोण, ते मी उलटं धरून बसलो होतो. ज्या माणसानं माझा भाऊ राखला, त्याला मीच वस्तीबाहेर काढलं. मी बबनच्या ओसरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बबननं आत हाक मारली, "चहा टाका गं. दत्ता आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कुदळ-फावडं घेऊन बांधावर गेलो. माझ्या बाजूच्या कांद्याच्या ओळी मोडल्या आणि तीच माती बांधाला चढवली. बबननं आपली चप्पल काढून आडवी ठेवली. "पुरं झालं," म्हणाला. मी म्हणालो, "तुझा पाय सात नंबरचा. ते माप चालायचं नाही." पिशवीतून अण्णांची उजवी काढून ठेवली. टाच बरोबर कडेवर आली. आणखी तासभर माती ओढली, पाणी मारलं, चोपली. मग ती चप्पल मधोमध ठेवली, दोन्हीकडे चार चार बोटं बांध शिल्लक. "बसली," बबन म्हणाला. "काढ आता फोटो."

मी मोबाइल घेऊन चार पावलं मागे गेलो. काचेत बांध दिसत होता, चप्पल दिसत होती, तरी काहीतरी चुकत होतं. अण्णा गेले हे मला तेव्हा कळलं, तोवर नुसती बातमी होती. त्या चपलेच्या प्रत्येक फोटोमागे एक पाय उघडा ठेवून एक माणूस उभा असायचा. इथं मी उभा होतो, दोन्ही पायांत चपला घालून. मी खाली वाकून उजवी काढली, ढेकळांवर पाय टेकवला आणि मग फोटो घेतला.